ताई झोपली

माझ्या भावाला सगळे नव्व्याण्णव म्हणायचे. शेजारचे, दुकानातले, ज्यांचे लॅपटॉप तो नीट करायचा ते सगळेच. "नव्व्याण्णव आहे का घरात?" असं जिन्यातूनच विचारत यायचे. मी त्याची थोरली बहीण. मी त्याला छोट्या म्हणायचे, तो चव्वेचाळीसचा झाला तरी. तो गेला त्याला आता चार महिने झाले.

हे लिहायला मला वाचणाऱ्या बाईंनी सांगितलं. त्या कोण ते पुढे येईलच. मी म्हटलं, बाई, मी पाचवीत शाळा सोडली, मला कुठलं लिहिता येतंय. त्या म्हणाल्या, "बोलता येतं ना? मग बोलता तसंच टाइप करा." म्हणून एका बोटानं करतेय. चुकलं तर समजून घ्या.

तर नाव कसं पडलं ते सांगते. लोक लॅपटॉप घेऊन यायचे तो मिक्सर लावल्यासारखा घूं घूं करत असायचा. छोट्या आधी काही उघडायचा नाही. नुसता पाठीवर हात ठेवायचा, लहान मुलाचा ताप बघतात तसा. मग कान लावायचा. "ताप आहे," म्हणायचा, "आणि धाप पण लागलीय." माणूस हसायचा, पण जरा घाबरायचा पण. मग छोट्या त्यात एक छोटासा प्रोग्राम टाकायचा, तो मशीन आतून किती तापलंय त्याचा आकडा दाखवतो. थर्मामीटरच समजा. नव्वद, ब्याण्णव असं काहीतरी यायचं.

मग तो मागे काय काय चालू आहे त्याची यादी काढायचा. "तुम्ही एक पत्र लिहिताय," म्हणायचा, "आणि आत बावीस जण जेवायला बसलेत. यांना कुणी बोलावलं?" कुणालाच ठाऊक नसायचं. नको ते उठवायचा, हवं ते ठेवायचा. आणि शेवटी सेटिंगमध्ये खोल कुठेतरी जाऊन एक आकडा बदलायचा. मशीननं जास्तीत जास्त किती जोर लावायचा त्याचा तो आकडा. तिथे शंभर असायचं, हा नव्व्याण्णव करायचा. बस.

लोक म्हणायचे, "एका टक्क्यानं काय होणार हो?"

"चहा घ्या," हा म्हणायचा.

चहा संपायच्या आत पंखा गप्प व्हायचा आणि आकडा सत्तरच्या खाली. मीही एकदा विचारलं, ही काय जादू आहे. तो म्हणाला, "जादू नाही ताई. शंभरावर असलं की त्याला उड्या मारायची परवानगी असते. जरा कुणी हाक मारली की धावत सुटतं. नव्व्याण्णव केलं की परवानगी गेली. मग चालत जातं. पोचतं तेव्हाच." काही मशीन याला दाद द्यायची नाहीत, त्यांचं तो दुसरं काहीतरी करायचा. पण नाव पडलं ते पडलं.

आमची एकच खोली. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत रात्रपाळीला आहे, एकोणीस वर्षं झाली. तिथली मशीन एवढी मोठी की आत माणूस उभा राहील. रात्रभर त्यांचा आवाज ऐकून कान किटतात. सकाळी आठला घरी येते, अंघोळ, चहा, आणि साडेनऊला आडवी. साडेतीनला उठते. माझी खाट कपाटाच्या मागे, मध्ये एक पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे खिडकीशी छोट्याचं टेबल. त्याला काम करायला दुसरी जागाच नव्हती. दारावर त्यानं पाटी लावली होती, साडेतीननंतर या, आधी आलात तर हळू बोला. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा.

आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचे की माझ्या भावाचा लॅपटॉप बिनआवाजाचा आहे. अकरा वर्षं पडद्याच्या अलीकडे झोपले, कधी म्हणून आवाज आला नाही.

पण त्याचं मशीन रखडायचं. मी आडवी झाल्यावर डोळा लागेपर्यंत पडद्याच्या फटीतून बघायचे, एक खिडकी उघडायला एवढा वेळ लागायचा की तो तेवढ्यात कप धुऊन यायचा. मी पडल्या पडल्या बोलायचे त्याला. साडेतीननंतर गिऱ्हाइकांची मशीन घूं घूं करायची, तेव्हा त्याच्या मशीनकडे माझं लक्षच नसायचं.

"दुसऱ्यांची पळवतोस आणि तुझं स्वतःचं रांगतंय."

"माझं काय अडलंय?"

"लोकांचं अडतंय ना. त्या वकिलाचं मशीन काल द्यायचं होतंस."

"देतो गं संध्याकाळी."

"आळशी आहेस तू. नव्व्याण्णव कुठला, साठ आहेस साठ."

यावर तो इतका हसला, इतका हसला की डोळ्यांतून पाणी. एवढा काही मोठा विनोद नव्हता तो. पण नंतर मी कधीही साठ म्हटलं की त्याला हसू फुटायचं. मला वाटायचं, माझी जीभच अशी तिखट आहे.

आता वाचणाऱ्या बाई. त्या आधी शाळेत शिकवायच्या. शाळा बंद पडली. ज्यांना दिसत नाही अशांसाठी एक लायब्ररी आहे, तिथे पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून ठेवतात, ऐकणारे घरी नेतात. बाईंना ते काम हवं होतं. त्या कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड करायच्या. खरंच कपाटात. चारी बाजूंनी गोधड्या टांगलेल्या, मांडीवर लॅपटॉप. दोनदा नमुना पाठवला आणि दोनदा परत आला. वाचन चांगलं आहे, मागे पंखा ऐकू येतो, असा निरोप. तिसऱ्यांदा शेवटची संधी, महिनाअखेरपर्यंत.

बाई छोट्याला म्हणाल्या, "शाळा सुटल्यापासून माझा आवाज कुणी ऐकलेलाच नाही. हेही गेलं तर मग कपाटात बसायलाही काही कारण उरणार नाही."

छोट्या म्हणाला, "बाई, तुमचा श्वास ऐकू येईल. याचा नाही येणार. शब्द देतो."

त्यानं बाईंचं मशीन ठेवून घेतलं, उघडून आतली धूळ काढली, तापतं तिथे नवी पेस्ट लावली, पुन्हा बंद केलं. आता फक्त सॉफ्टवेअरचं राहिलंय म्हणाला, ते गुरुवारी. गुरुवारी मी साडेतीनला उठले तर हा टेबलावर डोकं टेकून पडलेला. मला वाटलं डोळा लागला. मी आवाज न करता चहा ठेवला. त्याला झोपू दिलं. चहा झाल्यावर हाक मारली.

त्याबद्दल एवढंच.

पुढचे तीन आठवडे काय झालं मला धड आठवत नाही. कामावर जायचे, यायचे, पडायचे. झोप मात्र येईना. खोली शांत, कुणाची ये-जा नाही, तरी डोळा लागेना. रडून रडून असं होत असेल, असं मला वाटलं. लाँड्रीत एकदा उभ्या उभ्या पेंगले, चादरीची गाडी पायावरून गेली.

मग बाई आल्या. मशीनचं नावही काढलं नाही त्यांनी, नुसत्या बसल्या. मीच टेबलाकडे बघितलं आणि विचारलं, "महिना कधी संपतोय?"

"शनिवारी. पण ते जाऊ दे ताई. आहे तसं द्या, मी घेऊन जाते."

"आहे तसं नाही. त्यानं शब्द दिला होता."

"तुम्हाला येतं?"

"बघितलंय," मी म्हटलं. आणि बघितलं होतंच की. एवढी वर्षं शेजारी बसून चहा प्याले, काय नुसती भिंतीकडे बघत होते?

पंख्याचा प्रोग्राम मला ओळखता यायचा. त्यात एक रेघ असते, डावीकडून उजवीकडे वर चढत जाणारी, रेघेवर ठिपके. मशीन तापत जाईल तसा पंखा जोरात. ठिपका धरून खाली ओढला की पंखा हळू. मला वाटलं, यात काय, छोट्याचं मशीन बिनआवाजाचं आहे म्हणजे त्यानं पंखा बंदच ठेवलेला असणार. मी सगळे ठिपके धरून पार तळाला नेले. मशीन असं गप्प झालं की मला स्वतःचा अभिमान वाटला. बाई घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी परत. अकराव्या मिनिटाला मशीन काळं होऊन बंद पडलं. वाचलेलं सगळं गेलं, आणि मांडीला चटका बसला तो वेगळाच. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रयत्न केलात." आणि मशीन टेबलावर ठेवून गेल्या. दिवस राहिले तीन.

खाली मोबाईलचं दुकान आहे, त्या मोबाईलवाल्या दादांना मी मशीन दाखवलं. त्यांनी रेघ बघितली आणि कपाळाला हात लावला.

"ताई, आवाज येतो म्हणून तुम्ही त्याचं नाकच दाबलंत की हो."

"त्याच्या मशीनचा कुठे येतो आवाज?"

"ते मला नाही ठाऊक. त्याचं त्याला ठाऊक." मग म्हणाले, "रागावू नका, पण ते सगळं सामान माझ्याकडे द्या. हे मशीन पण. माझ्या पोरांना जमलं तर जमलं. तिथे वर पडून धूळ खाणार, त्यापेक्षा वापरात राहील."

वाईट माणूस नाही तो. छोट्याला त्यानं कितीतरी गिऱ्हाइकं पाठवली. पण मला असं झालं की हे टेबल उठलं की छोट्या दुसऱ्यांदा जाणार.

"शनिवारपर्यंत थांबा," मी म्हटलं. "मग न्या."

वर आले आणि छोट्याचं मशीन उघडलं. तीन आठवड्यांत हात लावला नव्हता. पासवर्ड नव्हताच. घरात माणसं दोन, त्यातलं एक झोपलेलं, कुलूप कुणासाठी लावू, असं म्हणायचा.

चालू केलं तर पंखा एकदम भर्रकन सुटला. मी दचकले. हे याचंच का मशीन? आणि सगळं फटाफट उघडत होतं. बोट लावायच्या आधी खिडकी समोर. मी ज्याला रांगतंय म्हणायचे ते हे.

समोर दोन बटणं होती, त्यानं स्वतः बनवलेली. एकावर लिहिलं होतं ‘ताई उठली’. दुसऱ्यावर ‘ताई झोपली’.

मी दोन्ही पुन्हा बोट ठेवून वाचली. मग ‘ताई झोपली’ दाबलं.

पंखा उतरत गेला. खाली, अजून खाली. मला वाटलं आता बंद पडणार, पण बंद नाही पडला. एका जागी आला आणि तिथेच राहिला. अगदी बारीक आवाज. शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल आणि त्याचा श्वास चाललेला असेल तसा. तो आवाज मला ओळखीचा होता. बिनआवाजाचं म्हणून जे मी मिरवत होते ते बिनआवाजाचं कधीच नव्हतं. अकरा वर्षं मी त्याच आवाजात झोपत होते आणि मला कळलं नव्हतं.

जरा पडते म्हटलं, मशीन तसंच चालू ठेवून. जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते.

उठल्यावर चहा केला आणि वही घेऊन बसले. बटणाच्या मागे काय काय आहे ते एकेक उघडून बघितलं. मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं की ते आपलं आपण मोकळं सुटायचं, म्हणून मघाशी पंखा तसा भर्रकन सुटला होता. पंख्याची रेघ तळाला नव्हती. तळापासून थोडी वर, आणि सरळ सपाट, लांबवर सपाट. पार टोकाला, मशीन फारच तापलं तर, तिथे वर चढत होती. म्हणजे तो पंखा बंद करत नव्हता. त्याला एकाच चालीनं चालायला लावत होता. आवाजानं झोप मोडत नाही, आवाज वरखाली झाला की मोडते. आणि पंखा एवढा हळू असून मशीन तापत कसं नाही? कारण त्यानं जोराचा आकडा खाली आणला होता. लोकांना नव्व्याण्णव. स्वतःला किती, तर साठ.

साठ.

आता कळलं तो का हसायचा.

खाली एक यादी होती, कुठलं बटण कधी दाबलं त्याची. साडेनऊ, ताई झोपली. साडेतीन, ताई उठली. नऊ पस्तीस, ताई झोपली. तीन पंचवीस, ताई उठली. खाली खाली जावं तितकी यादी. मध्ये एक दिवस असा की सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं ताई झोपली. मी विचार केला तेव्हा आठवलं, मला ताप भरला होता, कामावर गेले नव्हते. सगळ्यात शेवटची ओळ गुरुवारची. नऊ चाळीस, ताई झोपली. पुढे काही नाही.

म्हणजे दिवसभर तो रांगणाऱ्या मशीनवर काम करायचा, लोकांची बोलणी खायचा, माझी तर सगळ्यात जास्त. साडेतीनला मी उठले की मग मशीन मोकळं सोडायचा आणि भराभर कामं उरकायचा. मी आळशी म्हणायचे त्याला. एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं रे. पण सांगितलं असतं तर मी झोपले नसते, हेही त्याला ठाऊक असणार.

रडले. मग डोळे पुसले, कारण दिवस कमी होते.

शुक्रवारी बाईंचं मशीन आणि माझी वही घेऊन त्यांच्या घरी गेले. आधी मागे जेवायला बसलेले उठवले. बाईंच्या मशीनमध्ये सव्वीस निघाले. एक तर त्यांचे जुने फोटो सारखे कुठेतरी चढवत बसलेला.

"हा कोण?" मी विचारलं.

"मला काय माहीत. मी नाही बोलावलं."

"असंच म्हणतात सगळे."

मग आकडा साठ केला. मग रेघ, तळापासून थोडी वर, सपाट, टोकाला चढ. तापमानाचा आकडा कोपऱ्यात ठेवला. आणि या वेळी मशीन त्यांच्या मांडीवर दिलं नाही, लाकडी पाटावर ठेवलं, खाली हवा खेळू दिली. बाई कपाटात शिरल्या. त्या मला बाहेर थांबा म्हणत होत्या, मी म्हटलं, आकड्यावर नजर कोण ठेवणार. मग दोघी कपाटात. मी पन्नाशी ओलांडलेली, त्या साठीच्या, गोधड्यांच्या मध्ये गुडघ्याला गुडघा लावून.

"हसवू नका हं मला," त्या कुजबुजल्या.

"मी श्वास पण नाही घेत."

"घ्या श्वास. फक्त त्या बाजूला तोंड करून घ्या."

त्या वाचायला लागल्या. मी आकडा बघत होते. अठ्ठेचाळीस. त्रेपन्न. अकरावं मिनिट आलं तेव्हा एकोणसाठ. बाईंनी वाचता वाचता एक डोळा माझ्याकडे केला. मी मशीनच्या पाठीवर हात ठेवला, छोट्या ठेवायचा तसा. कोमट होतं. साठ. एकसष्ट. आणि तिथे थांबलं. विसाव्या मिनिटालाही एकसष्ट. मग मी आकडा बघायचं सोडून ऐकायला लागले. एका माणसाला गावाकडून पत्र येतं, अशी काहीतरी गोष्ट होती. बाई छान वाचतात. एवढ्या छान वाचतात हे मला तोवर माहीतच नव्हतं, मी आपली पंख्यातच अडकलेली.

बेचाळीस मिनिटं झाली. आम्ही बाहेर आलो, घामानं निथळत. मशीन तेवढं गार, आम्ही दोघी तापलेल्या. मग हेडफोन लावून ऐकलं. त्या दोन वाक्यांच्या मध्ये थांबतात तिथे काहीच नव्हतं. एका जागी फक्त एक श्वास ऐकू आला.

"हा माझा," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तो म्हणालाच होता."

शनिवारी त्यांनी पाठवलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं. आवाज स्वच्छ आहे, पहिलं पुस्तक पाठवत आहोत, फक्त सत्ताविसाव्या मिनिटाला कुणीतरी दुसरं नाक ओढल्याचा आवाज येतो तेवढा काढावा. तो माझा होता. गोष्टीतलं पत्र वाचत होत्या तेव्हाचा.

मोबाईलवाले दादा ठरल्याप्रमाणे शनिवारी सामान न्यायला आले होते. मी त्यांना रेघ दाखवली, आकडा दाखवला, रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढला, टेबलाकडे बघितलं, आणि न्यायला आणलेली पिशवी घडी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी एक मशीन वर पाठवलं. चिठ्ठी लावून, ‘याला धाप लागते’. आता आठवड्यात तीन-चार पाठवतात. खोलून साफ करायचं मला येत नाही, ते त्यांची पोरं करतात. तापाचं आणि आवाजाचं मी बघते. अडलं की छोट्याचं मशीन उघडते, त्यात त्यानं बरंच काही लिहून ठेवलंय, कुठल्या मशीनला काय चाललं नाही ते पण. परवा एक जण म्हणाला, "ताई, मशीन जरा हळू झालंय हो." मी म्हटलं, शंभर करून देते, पण मग धाप लागली तर माझ्याकडे यायचं नाही. तो म्हणाला, राहू दे नव्व्याण्णव.

बाईंचं दुसरं पुस्तक चालू आहे. हे मी लिहिलेलं त्या कपाटात बसून वाचणार आहेत आणि लायब्ररीला देणार आहेत, म्हणजे तुमच्यातल्या काही जणांना हे बाईंच्या आवाजात ऐकू येईल. त्या मध्ये मध्ये थांबतील. तिथे काही ऐकू आलं नाही, तर ते काम माझ्या भावाचं.

दारावरची पाटी अजून तीच आहे, साडेतीननंतर या. आज लिहिण्याच्या नादात उशीर झाला, दहा वाजत आले. आता बटण दाबते आणि पडते.